झुकत्या मापाची पुडी

त्या बाजारात वजनकाटा बिघडला की लोक देवाआधी रत्तीभरांचं नाव घेत. आईबापांनी ठेवलेलं भारदस्त नाव कधीच गळून पडलं होतं. लोक सांगत की रत्तीभरांच्या दुकानात गिऱ्हाइकाने शिंकायचं नाही, कारण एकदा एकाची शिंक पारड्यात पडली तर म्हाताऱ्याने ती पावणेदोन गुंजा भरते असं तिथल्या तिथे सांगितलं होतं. पारड्यावर माशी बसली तर तिचा डावा पंख उजव्यापेक्षा जड आहे की काय, हेही ते सांगत, आणि माशीला थांबून ऐकावं लागे. यातलं खरं किती हे विचारायची सोय नव्हती. एवढं मात्र खरं, की ‘काटेकोर’ हा शब्द आपल्याच घराण्यावरून पडला, अशी म्हाताऱ्याची पक्की समजूत होती.

रत्तीभरांचे हात थरथरू लागले तेव्हा दुकान सुनेने घेतलं. मुलगा लांब पल्ल्याच्या मालट्रकवर होता. महिन्यातले वीस दिवस तो रस्त्यावर असे, आणि उरलेल्या दहा दिवसांत त्याचं मत एकच असे, की ती म्हणेल ते. सूनबाईने काटे उघडायला, घासायला, जुळवायला शिकून घेतलं आणि सासऱ्यांच्या वरताण झाली. पितळ उजळायच्या द्रवाने पाच वर्षांत तिचं नाक पार मेलं. समोर दूध उतू जाऊन करपलं तरी तिला कळत नसे. उलट रत्तीभरांचं नाक म्हातारपणी अधिकच तल्लख झालं होतं. शेजारी म्हणत, या घरात नाक एकच आणि ते सासरा वापरतो.

आणि घरात होती भुंगी. वय नऊ. ती बोले फार थोडं, पण दिवसभर गुणगुणे. एकच सूर, भुंग्यासारखा, खाली-वर होणारा, म्हणून भुंगी. तिला स्वमग्नता आहे हे घराला सहा वर्षांपूर्वी कळलं होतं आणि आता ते घराला घराच्या दारासारखंच माहीत होतं. स्वमग्नतेचं कुणाला काही वाटत नसे. वाटत असे ते तिच्या चावण्याचं. काही बिनसलं की भुंगी स्वतःचं मनगट चावे. कधी आवाजाने, कधी कपड्याच्या शिवणीने, कधी तिलाच ठाऊक अशा कारणाने. मनगटावर घट्टे पडले होते आणि घट्ट्यांवर जखमा.

वर्षभरापूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिला शांत करणारी गोळी दिली होती. चावणं थांबलं. गुणगुणणंही थांबलं. भुंगी भिंतीला टेकून बसे, अंगाने वाढे आणि समोरच्या फरशीकडे बघत राही. शेजारीण कौतुकाने म्हणाली, किती गुणी झालीय हो. त्या दिवशी सूनबाईने डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि हळूहळू गोळी बंद करून घेतली. गुणगुणणं परत आलं, चावणंही परत आलं. आता मनगटाची जखम चिघळली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की चावे कमी झाले नाहीत तर गोळी पुन्हा सुरू करावी लागेल.

तेव्हा नणंदेने कुठूनसं वाचून पावडरीचं कळवलं. अँटिऑक्सिडंट. काही मुलांची चिडचिड म्हणे तिने कमी होते. सूनबाईने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अभ्यास झालेत, पण छोटे, कुणाचा निकाल इकडे तर कुणाचा तिकडे. वजनाप्रमाणे डोस मी लिहून देते, लक्ष ठेवून देऊन बघू. पण उपयोग झाला की नाही हे कसं ठरवणार, ते आधी ठरवा, नाहीतर ज्याला जे वाटायचं तेच दिसतं.

घरी येऊन सूनबाईने सासऱ्यांना समजावलं, की शरीरात एक प्रकारचा गंज चढतो म्हणतात आणि ही पावडर त्याच्या विरुद्ध काम करते. डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता, पण रत्तीभर ताठ बसले. साठ वर्षं त्यांनी काट्यांचा गंज काढला होता.

“गंज म्हणजे आपलाच प्रांत, सूनबाई,” ते म्हणाले. “निघाला म्हणून समज.”

सूनबाई निघाला म्हणून समजणाऱ्यांतली नव्हती. माल तोलण्याआधी रिकामी पारडी बघायची, हे तिला याच म्हाताऱ्याने शिकवलं होतं. ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. हा टकला गृहस्थ तिच्याकडून वर्षातून दोनदा आपला नाजूक काटा जुळवून घेई आणि तिला वचकून असे. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवून तिने त्याच्याकडून दोन प्रकारच्या पुड्या करून घेतल्या. एकात पावडर, दुसऱ्यात तशीच दिसणारी, तशीच आंबट लागणारी निरुपद्रवी भुकटी. एकीवर ‘क’, दुसरीवर ‘ख’. कशात काय ते फक्त औषधवाल्याच्या बंद पाकिटात. तीन आठवडे क, एक आठवडा काही नाही, मग तीन आठवडे ख. दुपारी दोन वाजता, शाळेतून आल्यावर, संत्र्याच्या रसातून.

मोजायचं कसं, यावर मात्र घराण्याने आपलं घराणेपण दाखवलं. दुसरं कुणी असतं तर त्याने कागदावर रेघोट्या ओढल्या असत्या. यांनी काय करावं? दुकानातून पितळी वजनांचा डबा आणला. दोन ते सहा या वेळात भुंगी एकदा चावली की बरणीत एक ग्रॅमचं वजन टाकायचं आणि संध्याकाळी बरणी तोलायची. रत्तीभरांनी यात आणखी बारकावा काढला. चाव्यांत फरक असतो, ते म्हणाले. दात रुतून वळ उठला तर पूर्ण ग्रॅम, नुसते टेकले तर अर्धा. सूनबाईला ते इतकं पटलं की आपल्याला का सुचलं नाही याचं तिला वाईट वाटलं. चाव्यांचं वजन करणारं हे जगातलं पहिलंच घर असावं.

सोमवार ते शनिवार दुपारी रत्तीभर बसत, रविवारी सूनबाई. दिवसाची वजनं कागदात बांधून, तारीख घालून ठेवायची, कारण नमुना टाकून द्यायचा नाही हा दुकानाचा नियम.

क संपला. सरासरी भरली साडेअठरा ग्रॅम. मग ख सुरू झाला आणि बरणी हलकी होऊ लागली. पंधरा. तेरा. बारा. रत्तीभर संध्याकाळी काटा तोलताना हळूच खाकरत, म्हणजे सूनबाईने बघावं. रविवारी वजन पुन्हा अठराच्या घरात जाई, पण त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मुलं आईपाशीच हट्ट करतात, हे काय कुणी सांगायला हवं? तीन आठवड्यांची सोमवार-शनिवारची सरासरी निघाली साडेबारा. नवऱ्याने फोनवर ऐकलं आणि ट्रक बाजूला उभा करून थोडा वेळ तसाच बसून राहिला म्हणतात.

पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. त्याआधीच्या सोमवारी सूनबाई औषधवाल्याकडे गेली. त्याने पाकीट फोडलं. ख म्हणजेच पावडर. त्याने काउंटरवरून वाकून तिचं अभिनंदन केलं आणि डॉक्टरीणबाईंचा फॉर्म भरायला घेतला.

“रोज किती वेळा चावत होती?”

“साडेअठरा ग्रॅम. आता साडेबारा.”

औषधवाल्याने चष्मा वर केला. “ताई, इथे वेळा विचारल्यात. किलो नाही.”

सूनबाई घरी आली, कागद उघडले आणि वजनं न तोलता पहिल्यांदाच नुसती मोजली. क च्या आठवड्यांत दिवसाला वीस. सतरा पूर्ण, तीन अर्धी. ख च्या आठवड्यांत दिवसाला वीस. पाच पूर्ण, पंधरा अर्धी. चावे एकानेही कमी झाले नव्हते. वाढली होती ती फक्त अर्धी वजनं. आणि रविवारी, जेव्हा बरणीपाशी ती स्वतः बसली होती, तेव्हा दोन्हीकडे अर्धी तीन-चारच.

दोनच शक्यता होत्या. एक तर पावडरीने भुंगीचे चावे खरोखर हलके झाले होते आणि ती आईपाशीच जोरात चावत होती. नाहीतर काटा वाकडा होता, आणि तो काटा खुर्चीत बसून पेपर वाचत होता. पण पुडी कुठली हे सासऱ्यांना कळणार कसं? तिने उरलेल्या पुड्या शेजारच्या मुलीला हुंगायला दिल्या. क ला कसलाच वास नव्हता. ख नाकाशी नेताच ती पोरगी दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, काकू, यात अंडं सडलंय.

पावडरीचा वासच तसा होता. डॉक्टरीणबाईंना तो माहीत असणार आणि औषधवाल्याला तर नक्कीच. फक्त घरातल्या मेलेल्या नाकाच्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

मग सूनबाईने जे केलं ते सासरा-सुनेच्या नात्यात बसत नाही. तिने एक अंडं तीन दिवस उन्हात ठेवलं, भोकाभोकांच्या डबीत घातलं, ती डबी उरलेल्या क पुड्यांसोबत पत्र्याच्या मोठ्या डब्यात बंद केली, आणि पुड्यांवरचा क पुसून ख लिहिला. त्या वासाने गल्लीतलं मांजर दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं, असं लोक सांगतात. सूनबाईला अर्थात कशाचाच पत्ता नव्हता. सासऱ्यांना तिने सांगितलं की सोमवारपर्यंत ख चालू ठेवायचीय.

गुरुवारी वीस चावे, चौदा अर्धे. शुक्रवारी एकोणीस, चौदा अर्धे. शनिवारी वीस, पंधरा.

शनिवारी संध्याकाळी भुंगी खिडकीशी पडद्याच्या दोरीला गाठी मारत गुणगुणत होती. सूनबाईने तिन्ही दिवसांच्या वजनांच्या तीन रांगा टेबलावर मांडल्या आणि सासऱ्यांना बोलावलं. पुड्यांत पावडर नव्हती, नुसता वास होता, हे तिने आवाज न चढवता सांगितलं.

रत्तीभरांनी एकेक वजन उचलून पाहिलं. इतका वेळ, की त्यांना वजनावरचा जुना ठसा वाचायचाय असं वाटावं. साठ वर्षांत त्यांच्या तोंडावर कुणी ‘मापात पाप’ म्हटलं नव्हतं, आणि सूनबाईनेही म्हटलं नाही, पण तो शब्द खोलीत आला होता खरा.

मुद्दाम नाही केलं, ते शेवटी म्हणाले. दात रुतलेले दिसायचे, पण मनात यायचं की पुडीला औषधाचा वास आलाय, आता गंज निघतोय, म्हणजे हा अर्धाच असणार. हात आपोआप छोट्या वजनाकडे जायचा.

सूनबाईने मान हलवली. तिला ते खरं वाटलं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

मग म्हातारा पुढे झुकला. फॉर्मवर ग्रॅम लिही, तो हलक्या आवाजात सांगू लागला. किंवा काहीच लिहू नको, चावे हलके झाले एवढंच सांग. डॉक्टरीणबाई खूश होतील. पोरीला ती झोपाळू गोळी द्यावी लागणार नाही. परत भिंतीला टेकून बसलेली बघायचीय का तुला? मला नाही बघवणार. जन्मभर गिऱ्हाइकाला झुकतं माप दिलं, माझ्याच नातीला नको देऊ?

सूनबाईलाही ते बघायचं नव्हतं. सोमवार परवा होता, आणि फक्त गप्प बसलं की काम होत होतं.

“झुकतं माप गिऱ्हाइकाला द्यायचं, मामंजी,” ती म्हणाली. “इथं गिऱ्हाईक भुंगी आहे. तुम्ही माप पावडरीला दिलंत.”

रत्तीभरांनी हातातलं वजन खाली ठेवलं.

“पावडर खोटी निघाली तर दात कागदात नाही रुतायचे,” ती पुढे म्हणाली. “तिच्याच हातात रुतणार. आणि आपण आनंदात असणार.”

म्हातारा त्या रात्री जेवला नाही असं म्हणावं तर जेवला, पण मीठ कमी आहे हे सांगितलं नाही, आणि ते त्या घरात उपासासारखंच होतं.

सोमवारी सूनबाईने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. अंड्यासकट. त्या आधी हसल्या, मग थांबल्या. हा आकडा खपवता आला असता तुम्हाला, त्या म्हणाल्या, मला काही कळलं नसतं. सूनबाई म्हणाली, ते ठाऊक आहे, पण हा आकडा रद्द समजा आणि मला आणखी सात आठवडे द्या. डॉक्टरीणबाईंनी मनगट उलटसुलट करून पाहिलं, मलम बदललं, चावलं तरी दात थेट कातडीला लागू नयेत म्हणून मऊ पट्टी लिहून दिली आणि बजावलं, जखम पुन्हा चिघळली तर दुसऱ्या दिवशी इथे यायचं, तुमचे सात आठवडे राहिले बाजूला.

दुसरा डाव घराने असा मांडला. सगळ्या पुड्या, खऱ्या आणि पोकळ, अंड्याच्या डब्यात. औषधवाल्याने नवी अक्षरं घातली, ग आणि घ, आणि पाकीट सीलबंद करून आपल्या तिजोरीत टाकलं. अर्ध्या ग्रॅमची वजनं दुकानात परत गेली. दात टेकले, एक. दात रुतले, एक. सूनबाईने दुपारी दोन ते सहा दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. बाजारात बोभाटा झाला, एक भाजीवाली तर वाकडा काटा घेऊन थेट घराच्या पायरीवर येऊन बसली, पण दुकानावरची ‘दोन ते सहा बंद’ ही पाटी बदलली नाही. सासरा आणि सून खोलीच्या दोन टोकांना बसत, दोघांच्या दोन बरण्या. एकमेकांच्या बरणीकडे बघायचं नाही. संध्याकाळी आकडे जुळले नाहीत तर मोठा आकडा धरायचा.

पहिल्या आठवड्यात जुळत नसत. रत्तीभर एक-दोन चावे खाऊन टाकत. एका मंगळवारी त्यांच्या बरणीत सतरा निघाली आणि सुनेच्या बरणीत एकोणीस. त्यांनी दोन वजनं उचलली, स्वतःच्या बरणीत टाकली आणि म्हणाले, ती दोन्ही मी पाहिली होती. त्यानंतर आकडे जुळू लागले. औषधवाला येता-जाता विचारे, काय म्हणतंय? सूनबाई सांगे, अजून काही म्हणत नाहीये. खरं तर तिला रोज संध्याकाळी वाटे की आज बरणी हलकी वाटतेय, आणि रोज ती ते वाटणं बाजूला ठेवून मोजायला बसे.

सात आठवडे संपले. ग, दिवसाला एकोणीस. घ, दिवसाला साडेएकोणीस. औषधवाल्याने पाकीट फोडलं. घ म्हणजे पावडर.

सूनबाईने तो कागद दोनदा वाचला. औषधवाला सांत्वनाचं काहीतरी बोलू लागला, तर तिने त्याच्या काउंटरवरचा काटा जुळवायला घेतला. तो मुळात बरोबरच होता. तिने उघडला, पुसला, परत बंद केला, आणि घरी गेली.

डॉक्टरीणबाई भांडणाच्या तयारीने बसल्या होत्या. पावडर काही मुलांना लागू पडतही असेल, तुमच्या मुलीला पडली नाही, त्या सावकाश म्हणाल्या. आता गोळीचं बोलायला हवं. सूनबाई नको म्हणेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. रत्तीभरही सोबत होते, आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

“द्या,” सूनबाई म्हणाली. “पण गेल्या वेळी आपण गोळीला तोललंच नाही. पोरगी शांत झाली एवढंच म्हणालो सगळे. या वेळी गोळीलाही मोजायचं.”

मग ती बोलत गेली आणि डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. आधीच्या डोसाच्या पाव भागापासून सुरू करायचं. पायरीपायरीने वाढवायचं, पण कुठल्या आठवड्यात वाढवलं ते घरात कुणाला कळू द्यायचं नाही. ते डॉक्टरीणबाई आणि औषधवाला, दोघांतच राहील. अशी गोळी एकदम बंद करता येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं, आणि सूनबाईने तेही लिहून घेतलं. दर आठवड्याला वजन आणि तपासणी. आणि दोन बरण्या. एकीत चावे, दुसरीत गुणगुणणं, मिनिटाला एक वजन. जिथे चावे निम्म्यावर येतील आणि गुणगुणणं तसंच राहील ती पायरी आपली. त्याच्यावर एक कणही नाही. गुणगुणणं घटू लागलं तर एक पायरी खाली. अशी पायरी सापडलीच नाही तर तिसरं काहीतरी शोधायचं, आणि त्यालाही असंच मोजायचं.

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. असं रीतसर करणारं घर मी पाहिलं नाही, त्या म्हणाल्या. रत्तीभर पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, अहो, आमच्याकडे माशीसुद्धा नियमाने बसते.

अडचण एकच निघाली. गुणगुणण्याची बरणी कुणाची? सूनबाईची नजर चाव्यांवर असायची, म्हणजे दुसरी बरणी म्हाताऱ्याकडे. आणि गेल्या हिवाळ्यापासून रत्तीभरांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सांगितलं, सगळं एकदमच, कारण त्यांना कळून चुकलं होतं की या बाईपुढे काही दडवलं तर ती ते अंड्यासकट बाहेर काढते.

सोमवारी दुपारी दोन वाजता पहिली गोळी दिली. भुंगी जमिनीवर बसून दोरीला गाठी मारू लागली. रत्तीभर गुडघे मोडत तिच्यामागे सतरंजीवर बसले आणि तळहात जपून तिच्या पाठीवर टेकवला. तिने अंग चोरलं. त्यांनी हात काढला, थांबले, आणि पुन्हा टेकवला, माशी बसेल इतका हलका. या वेळी तिने राहू दिला. बरगड्यांतून एक बारीक थरथर त्यांच्या हातात आली, खाली-वर होणारी.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि काटा पूर्ण फिरला तेव्हा दुसऱ्या हाताने बरणीत एक वजन टाकलं.